बिहीदाण्याचं पाणी

सरीतूत, १२ सप्टेंबर १९९४

मुहय्यो पोरी,

सफोल उद्या उजाडता ट्रक काढतोय, म्हणून घाईत लिहिते. तू मागितलेलं सगळं त्याच्याकडे दिलंय. मोठ्या पिशवीत ज्येष्ठमध आहे, नदीकाठचा, यंदाच खणलेला. छोट्या पिशवीत बिहीदाणा. फडक्यात बांधलीत ती गुलखैराची फुलं, त्यांना ओल लागू देऊ नकोस. बाटलीत काळ्या तुतीचा पाक आहे. बाटली मांडीवर ठेव असं सफोलला बजावलंय, पण घाटात तो स्वतःच सीटवर टिकत नाही, तिथे बाटलीचं काय. फुटली तर कळव, मी त्याच्या आईला सांगते.

बिहीदाणा कसा द्यायचा ते विसरली असशील. चमचाभर दाणे वाटीभर कोमट पाण्यात टाकून ठेवायचे. तासाभरात पाणी अंड्यातल्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं. दाणे चिरडायचे नाहीत, बाधतात. ते पाणी घोट घोट पाजायचं. घशाला आतून अस्तर लागतं आणि मग पाक उतरतो.

एवढ्या मोठ्या दवाखान्याला माझी मुळं मागवावी लागली, हे वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. तुझी आई गेल्यावर मी तुला या पिशव्यांमध्येच वाढवलं. तुझा हात हलका आहे, माझ्यामागे तूच बस म्हणत होते, तर तू पांढरा डगला घालायला शहरात पळालीस. असो. डगला फिरून माझ्याच दारात आला.

तुझ्या डगलेवाल्यांना एक सांग. खालच्या आळीतल्या झेबिनिसोची थोरली, अन्झुरत, आठ वर्षांची. नवरा रशियात, घरात ही आणि दोन मुली. महिन्याच्या सुरुवातीला अन्झुरतचा घसा धरला. मान बैलासारखी सुजली. तोंड उघडून बघितलं तर आत पांढुरकी साय, आणि तोंडाला असा वास की मी नाक फिरवलं. झेबिनिसो रडायलाच लागली. मी पाच दिवस तिच्या उशाशी बसले. गुलखैराची वाफ, बिहीदाण्याचं पाणी, पाक. सहाव्या दिवशी साय आपोआप सुटली, पोरीने नान मागितला. झेबिनिसो अजून तिला अंथरुणात गुंडाळून ठेवते. मी म्हटलं, अगं सोड तिला, पळू दे, पळाल्याने रक्त फिरतं. काल अंगणात दोरीवर उड्या मारत होती.

तू बारीक झालीस असं सफोल म्हणाला. खात जा.

तुझी
सदबर्ग खाला

—

दुशान्बे, २१ सप्टेंबर १९९४

खाला,

सलाम. पिशव्या पोचल्या. बाटलीही पोचली. पण आधी अन्झुरतबद्दल लिहिते. हे पत्र मिळेल त्या क्षणी, हातातलं काम टाकून झेबिनिसोकडे जा.

तो साधा घसा नव्हता, खाला. तो घटसर्प आहे. आमच्या वॉर्डात दोन-दोन मुलं एका खाटेवर आहेत, मोठी माणसंही आहेत. ती साय पुसायला गेलं तर रक्त येतं. वास तोच, तुम्ही नाक फिरवलंत तो. मान तशीच सुजते. आणि पाच-सहा दिवसांनी पुष्कळांची साय आपोआप सुटते, औषध दिलं तरी आणि नाही दिलं तरी. आई-बाप समजतात पोर बरं झालं. पण तेवढ्यात विष रक्तात उतरलेलं असतं आणि ते काळीज धरतं. दोन आठवड्यांनी, तीन आठवड्यांनी खेळता खेळता मूल खाली बसतं आणि संपतं. मी हे या महिन्यात चार वेळा बघितलंय.

अन्झुरतला निजवून ठेवा. चाळीस दिवस. पळणं नाही, जिना नाही, पाणी भरणं नाही. परसाकडेलाही उचलून न्या. धाकट्या मिझगोनाला तिच्यापासून दूर ठेवा. दुसऱ्या कुणाची मान सुजली, साय दिसली, तर घरी एक दिवसही ठेवू नका, तालुक्याच्या दवाखान्यात न्या. त्यांच्याकडे थोडं सीरम आहे. पहिल्या दोन दिवसांत टोचलं तरच त्याचा उपयोग होतो.

तुम्हाला राग येईल, तरी लिहिते. तुमचं औषध घसा निववतं. विषाला ते हात लावत नाही. घसा निवला की लोक वाट बघत बसतात, आणि ते दोन दिवस निघून जातात.

माझी काळजी करू नका. ओरडून ओरडून माझाही घसा बसलाय, एवढंच. तुमचा ज्येष्ठमध चघळतेय.

मुहय्यो

—

सरीतूत, ९ ऑक्टोबर १९९४

मुहय्यो,

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं. सफोलला चौकीवर बंदूकवाल्यांनी अकरा दिवस अडकवून ठेवलं होतं. ट्रकमधलं पीठ उतरवून घेतलं, त्याला सोडलं. तुझं पत्र त्याच्या कोटाच्या खिशात होतं. त्याचा दोष नाही.

चाळीस वर्षं मी घसे बघतेय. तुझाही बघितलाय, तू अंगठा चोखत होतीस तेव्हापासून. तू दोन वर्षं शाळा शिकून मला शिकवायला लागलीस. ठीक आहे. जग असंच चालतं.

तू लिहिलंस तसं अन्झुरतला निजवलंय. ती आता उठत नाही. मिझगोनाला कुणी तिच्याजवळ नेत नाही. झेबिनिसो मात्र रोज जाऊन बसते, कितीही सांगितलं तरी.

माझे हात दुखतात हल्ली, त्यामुळे औषधं देणं कमी केलंय. लोक येतात, मी हात दाखवते.

इथे अक्रोड झोडून झाले. यंदा पीक चांगलं आहे.

सदबर्ग

—

दुशान्बे, २० ऑक्टोबर १९९४

प्रिय खाला,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. दिवसभर क्लोरीनच्या पाण्याने फरशा पुसून डोळे चुरचुरतात, म्हणून वॉर्डातल्या मैत्रिणीला सांगतेय आणि ती लिहितेय.

तुमचं पत्र तिने मला दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही रागावलात ते कळलं. रागवा, पण तुम्ही ऐकलंत, यापेक्षा मोठी गोष्ट या महिन्यात माझ्याकडे दुसरी नाही. अन्झुरतला निजवलंत. इथे मी आयांच्या हाता-पाया पडते, तरी त्या मुलांना उठवून खिडकीत बसवतात, बाप खालून हात करतो म्हणून. तुम्ही एका पत्रावर केलंत. मी मैत्रिणीला म्हटलं, बघ, ही माझी खाला.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तिला उठू देऊ नका. कंटाळली असेल. तिच्यासाठी लाल रिबिनी पाठवतेय, आणि चित्रांची एक वही. पडल्या पडल्या रंगवता येईल. झेबिनिसोला सांगा, रोज जाऊन बसायला हरकत नाही, आई नाही बसणार तर कोण, फक्त तोंडाला फडकं बांधून बसा.

खिंड बंद व्हायच्या आत लस टोचणारी माणसं तुमच्याकडे पाठवायला मी मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागलेय. लोकांशी आतापासून बोलायला लागा. तुमचं ऐकतील.

हातांना मेंढीची चरबी चोळा.

तुमची
मुहय्यो

—

सरीतूत, २ नोव्हेंबर १९९४

मुहय्यो,

रिबिनी परत पाठवतेय. त्या द्यायला कुणी नाही.

अन्झुरत पंचवीस सप्टेंबरला गेली. मी तुला खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. निजवलंय असं लिहिलं, ते टेकडीवर निजवलंय. झेबिनिसो रोज तिथे जाऊन बसते.

त्या दिवशी अक्रोड झोडत होते. सगळी मुलं झाडाखाली. अन्झुरत परकराचा ओचा भरून धावत माझ्याकडे आली, ओतला, परत पळाली. तिसऱ्या खेपेला ती झाडाच्या बुंध्याशी बसली. मी म्हटलं, काय गं, दमलीस एवढ्यात? ती म्हणाली, खाला, छातीत चिमणी आहे. मी हसले. लोक म्हणतात ना, मुलांच्या तोंडी काहीही येतं. मग तिचे ओठ जांभळे झाले. मी पाणी आणेपर्यंत संपलं होतं.

गाव म्हणालं, नजर लागली. अडीच आठवड्यांपूर्वी मरता मरता वाचलेली एवढी गोड पोर, लागणारच. मीही तेच धरून बसले. मग तुझं पत्र आलं. तू लिहिलेलं सगळं झालेलं होतं, अगदी त्याच क्रमाने. पळू दे तिला असं झेबिनिसोला कोण म्हणालं होतं, ते मला माहीत होतं आणि झेबिनिसोला माहीत होतं. पण तिच्या लेखी मी तिच्या मुलीला वाचवणारी बाई होते. दर जुम्म्याला तंदूर पेटवला की पहिला नान ती माझ्याकडे पाठवत होती. मी तो खात होते.

पत्र मी पेटीत ठेवलं. लोक घसे घेऊन आले तर हात दुखतात म्हणून दार लावून घेतलं. वाटलं, औषध दिलं नाही म्हणजे पाप लागत नाही. पण तालुक्याला न्या, असंही म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर लोकांनी का, असं विचारलं असतं. गिरणीवाल्याचा तोशमत, पाच वर्षांचा, तीन दिवस घरी पडून होता. खालाचे हात बरे होतील मग नेऊ, म्हणून बाप थांबला. परवा तो गेला.

काल मी पत्र घेऊन झेबिनिसोकडे गेले. ती कणीक मळत होती. मी वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती म्हणाली, परत वाचा. परत वाचलं. मग तिने पत्रावरची तारीख विचारली. मी म्हटलं, एकवीस.

"म्हणजे अन्झुरतला अजून चार दिवस होते."

"पत्र सफोलच्या खिशात होतं गं."

"ते मला कळतं, खाला. तुम्हाला माहीत नव्हतं तेही मला कळतं. पण पत्र तुमच्या हातात येऊन महिना झाला. महिनाभर मी तुम्हाला नान पाठवत होते."

एवढंच बोलली. हाताची कणीक काढली, मिझगोनाला उचललं, दुसऱ्या खोलीत गेली.  मी कणीक सुकेल म्हणून त्यावर फडकं टाकलं आणि आले.

आणखी दोन घरांत माना सुजल्यात. आज सकाळी मी स्वतः दोन्ही दारांशी जाऊन सांगितलं, तालुक्याला न्या, माझ्याकडे याचं औषध नाही. पहिल्या घरातले लगेच गाढव जुंपून निघाले. दुसऱ्यांनी मला विचारलं, अन्झुरतला होतं आणि आमच्याला नाही?

काय करू ते लिही. तूच लिही.

सदबर्ग

—

दुशान्बे, १४ नोव्हेंबर १९९४

खाला,

तुमच्यावर रागवायला मी कोण. मीही तुम्हाला खरं लिहिलं नव्हतं.

क्लोरीनने डोळे चुरचुरत नव्हते. मला दिसत नव्हतं. मला घटसर्प झाला होता, तुम्हाला ते पहिलं पत्र लिहिलं त्याच आठवड्यात. मान सुजली तेव्हा कळलं होतं, पण वॉर्डात सहा मुलांना पुरेल एवढंच सीरम होतं. चौथ्या दिवशी नवीन पेटी आली तेव्हा मला मिळालं. उशीर झाला. काळीज टिकलं, पण विषाने नसा धरल्यात. आधी टाळू लुळी पडली, मग डोळे, आता हातपाय. चमचा धरता येत नाही. हेही मैत्रीणच लिहितेय, आणि मध्ये मध्ये थांबून डोळे पुसतेय, तिला म्हटलं हेही लिही.

मला पाणी गिळता येत नव्हतं. प्यायलं की नाकातून परत. चहा, सूप, सगळं नाकातून. मग मैत्रिणीने तुमचा बिहीदाणा भिजवला. ते बुळबुळीत पाणी दाट असतं, वाट चुकून नाकात जात नाही, हळूहळू घशातून उतरतं. तीन आठवडे मी त्यावर आहे. त्यात साखर घालतात, अंडं घालतात. तुमच्या त्या एका छोट्या पिशवीवर मी जगलेय, आणि माझ्या शेजारच्या खाटेवरची दोन मुलंही.

तर काय करायचं ते ऐका. आधी तोंड उजेडात उघडून बघायचं. साय, वास, सुजलेली मान, यातलं एकही दिसलं तर तालुक्याला. तेव्हा घोटभरही पाजत बसायचं नाही, कारण तेवढ्या घोटाने आईला धीर येतो. सीरम मिळाल्यावर, मूल घरी परत आल्यावर, मग बिहीदाणा द्या, पाक द्या, चाळीस दिवस त्याच्या उशाशी बसा. साधा पडशाचा घसा असेल तर पूर्वीसारखं सगळं द्या. तुमची विद्या खोटी नाही. तिची जागा दुसरी आहे.

हे पत्र आणणारी माणसं लस घेऊन आलीत. बर्फाची पेटी फक्त एकच मिळाली. आधी मुलांना, मग आयांना, मग उरली तर बाकीच्यांना. लोकांच्या डोक्यात आहे की या सुईने पोरी वांझ होतात. डॉक्टरांचं ते ऐकणार नाहीत. तुम्हाला उभं राहून बोलावं लागेल, अन्झुरतचं नाव घेऊन. मला माहीत आहे मी काय मागतेय.

खिंड आता मिटेल. वसंतापर्यंत पत्र नाही. मी राहिले तर लिहीन.

मुहय्यो

—

सरीतूत, २० मे १९९५

मुहय्यो आपा,

मी झेबिनिसो, अन्झुरतची आई. आपण एकदाच भेटलोय, तुमच्या मामाच्या लग्नात. तुम्ही आहात की नाही ते मला माहीत नाही. कालपासून खिंड उघडलीय, सफोल निघतोय. तुमच्या खालांकडून तुम्हाला पत्र लिहायला कुणी उरलं नाही, म्हणून मी लिहिते.

लसवाले आले तेव्हा सगळं गाव मशिदीसमोर जमलं. कुणी पुढे होईना. सदबर्ग खाला पायरीवर चढल्या. त्यांचा आवाज एरवी अख्ख्या आळीला ऐकू जायचा, त्या दिवशी कानात प्राण आणून ऐकावं लागलं. म्हणाल्या, "अन्झुरतला नजर लागली नव्हती. तिला घटसर्प झाला होता, मला ओळखता आला नाही. मी तिला पळू दिलं. मग मला कळलं आणि मी गप्प बसले, म्हणून तोशमत गेला. माझ्यावर विश्वास ठेवून दोन पोरं गेलीत. आता शेवटचा ठेवा आणि दंड उघडा."

गिरणीवाला त्यांच्या अंगावर धावून गेला. लोकांनी धरला. एक म्हातारी थुंकली. मी मिझगोनाला घेऊन मागे उभी होते. आपा, माझ्या मनात होतं की इथून निघून जावं आणि ही बाई तिथे तशीच उभी राहू दे. पण मग मिझगोनाचं काय. मी पुढे गेले आणि तिची बाही वर केली. माझ्यामागे बाकीच्या आल्या. मी त्यांच्यासाठी गेले नव्हते, हे तुम्हाला माहीत असावं.

लस आयांपर्यंत पुरली. पुढे दोन-चार डोस उरले होते, ते खालांनी सफोलच्या आईला आणि गिरणीवाल्याच्या घरी दिले. स्वतः घेतली नाही. डॉक्टर म्हणाला, बाई, तुम्ही घ्या, तुम्ही आजाऱ्यांत असता. त्या म्हणाल्या, पुढल्या खेपेला.

हिवाळ्यात ज्यांनी लस घेतली नव्हती त्या घरांतली तीन मुलं गेली. तालुक्याचा रस्ता बर्फाने बंद होता, न्यायचं कुठे. लोक खालांना दारात उभं करत नव्हते, तरी त्या जायच्या. बाहेर बर्फात उभ्या राहून सांगायच्या, निजवून ठेवा, उठवू नका. जानेवारीत त्यांचं स्वतःचं दार दोन दिवस उघडलं नाही. कुणी बघायला गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले.

मान सुजली होती. वास आला. मला तो वास माहीत होता. त्या म्हणाल्या, जा इथून, घरी पोर आहे. मी म्हटलं, मला टोचलंय. 

अकरा दिवस मी गेले. बिहीदाणा भिजवून चमच्याने घातला, त्यांनीच सांगितला तसा, दाणे न चिरडता. एकदा त्यांनी विचारलं, माफ केलंस का गं? मी खोटं बोलू शकले असते. मी म्हटलं, "नाही. तोंड उघडा." त्यांनी उघडलं. त्यानंतर पुन्हा विचारलं नाही, पण मी आले की पदराने तोंड पुसून उठून बसायच्या. मी ओरडायचे, उठू नका म्हणून. बाराव्या दिवशी सकाळी गेले तर चूल पेटवायला उठल्या होत्या. चुलीपाशीच पडलेल्या होत्या.

टेकडीवर त्यांना अन्झुरतच्या खालच्या अंगाला पुरलंय. गावाने वेगळी जागा काढली होती. मी नको म्हटलं. का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या सगळ्या पिशव्या माझ्याकडे आहेत. आता लोक माझ्या दारात येतात, कारण मी अकरा दिवस बघितलं आणि मला काही झालं नाही, म्हणून मला काहीतरी येतं असं त्यांना वाटतं. मला काही येत नाही. तुमचं शेवटचं पत्र मला त्यांच्या उशाखाली मिळालं, त्यात आहे तेवढंच मी करते. तोंड उजेडात उघडते. साय असली तर हाकलून देते तालुक्याला. नसली तर काय द्यायचं आणि किती, ते मला माहीत नाही. मूळ कोणतं ओलं उकळायचं, कोणतं सुकं, फुलं कधी तोडायची. तुम्ही असाल तर लिहा. नसाल तर ज्याच्या हातात हे पडेल त्याने लिहावं.

झेबिनिसो

—

दुशान्बे, ३ जून १९९५

झेबिनिसो,

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. दोन महिन्यांपासून बोटं वळतात. तुझं पत्र वाचून चार दिवस मी लिहू शकले नाही, त्याला बोटांचं कारण नव्हतं.

ज्येष्ठमध सुकाच उकळायचा, बोटभर तुकडा तांब्याभर पाण्यात, पाणी अर्धं होईपर्यंत. गुलखैराची फुलं उमलल्या दिवशीच तोडायची, ऊन तापायच्या आत, आणि सावलीत वाळवायची. या महिन्यातच फुलतील, तेव्हा उशीर करू नकोस. बाकीचं पत्रात मावणार नाही.

मी पंधरा तारखेला सफोलबरोबर येतेय. लशीच्या दोन पेट्या मिळाल्यात, मोठ्या माणसांनाही पुरेल. मी काठीने चालते. माझं बोलणं अजून नाकातून येतं, अनोळखी माणसाला नीट कळत नाही. त्यामुळे पायरीवर उभं राहून तुला बोलावं लागेल. मी शेजारी उभी राहीन.

मुहय्यो